आमची सातवी

चित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतं. मला ते माझ्या कामासाठी हवं होतं. पडद्यावर प्रश्न आला: आपण विद्यार्थी आहात का? खाली बारीक अक्षरांत होतं की पालकांनाही घेता येईल, पण फक्त मुलांच्या वापरासाठी.

माझं बोट 'हो'पाशी अडखळलं. शाळेच्या फाटकापाशी आम्ही आया बिनदिक्कत म्हणतो, "यंदा आमची सातवी." प्रकल्प आम्हीच चिकटवतो, परीक्षेच्या सकाळी उजळणीही आम्हीच करतो. मग विद्यार्थी नक्की कोण?

मुलगी मागे येऊन उभी राहिली. तिने सगळं वाचलं.

"आपली सातवीच आहे ना," मी घाईघाईने म्हणाले.

"माझी आहे, आई."

पडद्यावरचा प्रश्न आता तिनेच विचारल्यासारखा वाटू लागला.