लाल सदऱ्यातला गिरणी कामगार

रत्नागिरीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या वर्गमित्राने मला एक जाडजूड चित्रांचं पुस्तक दिलं. त्याचे वडील परदेशी जहाजावर खलाशी होते, त्यांनी ते कुठल्याशा बंदरातून आणलं होतं. "आमच्या घरात कुणी लहान नाही. तुझ्या बहिणीला होईल," तो म्हणाला. आम्हा दोघांच्याही मनात शंका आली नाही. चित्रं म्हणजे पोरांचं, हे ठरलेलंच होतं. शिवाय मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. माझ्या हातात असलं पुस्तक कुणी पाहिलं तर काय म्हणेल, याचीही लाज होती.

शनिवारी एस.टी.ने गावी गेलो आणि पुस्तक बहिणीला दिलं. ती तिसरीत होती. चित्रं काळी-पांढरी, म्हणून तिने लगेच खडू काढले आणि पहिल्या पानावरच्या माणसाला लाल सदरा घातला.

आई तांदूळ निवडत होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिने सहज पुस्तकाकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"थांब गो, रंगवू नको. ह्याच्या डोक्यावर काय पडलाय?"

"केस पिकलेत," बहीण म्हणाली.

"पिकले तर भुवया पण? कापूस हाय तो."

माझे वडील मुंबईला कापडगिरणीत होते. दर महिन्याला पत्र यायचं, मी ते आईला वाचून दाखवायचो. त्यात कामाविषयी एकच ओळ असे: काम बरे चालले आहे. शिमग्याला घरी आले की खोकत. विचारलं तर म्हणत, "मुंबईचं पाणी." ते पाणी आईच्या गळी कधी उतरलं नव्हतं.

त्या दिवशी तिने बोटाने एकेक चौकट धरून सगळं पुस्तक पाहिलं. ओळीने लावलेले माग. त्यांच्या आवाजात कानाला तोंड लावून बोलणारी माणसं. कापूस पडू नये म्हणून जेवणाच्या डब्यावर धरलेला हात. मग तोच माणूस जिन्यात बसून खोकताना. सलग चार चौकटी, एकही शब्द नाही. त्या पानावर ती बराच वेळ थांबली.

मी डिक्शनरी घेऊन बसलो. माझं इंग्रजी कच्चं. दोन रविवार गेले तेव्हा शेवटच्या पानावरच्या टिपेचा अर्थ लागला. चित्रकाराने आपल्याच बापाची हकीकत काढली होती. सगळं खरं होतं. खरी गोष्ट अशीही सांगता येते, आणि माझ्या आईला ती माझ्याआधी वाचता येते, हे मला तेव्हा कळलं. पुढे अशी पुष्कळ पुस्तकं मी शोधून वाचली. पण पहिला धडा आमच्या ओटीवरचा.

शिमग्याला वडील आले. देवाची पालखी शेजारच्या अंगणात नाचत होती, पुढचं घर आमचं. आई नारळ, तांदूळ ताटात मांडत होती. तिने ते सोडून पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं.

"ह्यातले तुमी कुठले?"

वडील हसले. "ह्याला लाल सदरा कुणी घातला?"

"मी!" बहीण म्हणाली.

"दोन दिवसांत पांढरा होईल तो."

मग पानं उलटता उलटता त्यांचं हसू गेलं. जिन्यातल्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं. "हा. पण ह्याने खिडकी काढलीय बघ. आमच्या खात्यात खिडकी नाय."

"आनि खोकला?"

ते पुस्तकाकडेच बघत म्हणाले, "दोन वर्सं झाली. रात्री झोपू देत नाय."

ढोल आमच्या दगडी गडग्याशी आला. बहीण ओरडली, "आई, ताट!" आई जागची हलली नाही.

"येऊ दे पालखी. देव कुठं जातोय?" ती म्हणाली. "तुमी पुढचं पान दाखवा."