आईच्या साड्यांची दुपटी

डांबरगोळ्यांचा वास आला की श्रीगोंद्याचं माहेर आठवतं. मला नववा लागला होता आणि माझं बाळंतपण जी करणार होती, ती आई महिन्यापूर्वीच वारली होती. मावशीने तिची ट्रंक उघडून सुती साड्या बाहेर काढल्या. "धर गं त्या टोकाला. नवं कापड लेकराला टोचतंय. ह्ये बघ, धुऊन धुऊन कसं लोन्यावानी झालंय." मी टोक धरलं. साडी टर्रकन फाटली, पोटात बाळ दचकलं, मला काहीच वाटलं नाही. हिरवी झाली, जांभळी झाली, मग तिची बाजारला जायची निळी. दुपारपर्यंत लंगोट-दुपट्यांचा ढीग झाला. लेक आता शाळेत जाते. आईच्या सगळ्या साड्या तिने ओल्या करकरून संपवल्या. माझं रडायचं तेवढं राहूनच गेलं.