चौसष्ट अंगठे

शाळेची शिपाईमावशी सव्वीस वर्षं निरोप पायांनी पोचवत आली होती. कुठल्या पोराला आई उठवते, कुठल्याला आजी, कुठल्याला कपडे शिवणारी आत्या, हे हजेरीपटाला नव्हतं ठाऊक, तिला होतं. यंदा हेडमास्तर म्हणाले, "मावशी, पायपीट बंद. आता निरोप फोनवर." तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

आजची पालकसभा साधी नव्हती. पन्नास माणसांनी येऊन विरोधाच्या सह्या केल्या नाहीत, तर सातवीचा वर्ग बंद होऊन पोरं नदीपलीकडे जाणार होती. मावशीची नात सहावीत होती.

अकरा वाजले. साठ खुर्च्या, माणसं नऊ. तपासणीचे साहेब घड्याळ बघत होते.

"चौसष्ट जणांनी अंगठा पाठवलाय हो," हेडमास्तर फोन पुढे करत म्हणाले. "म्हणजे येणारच."

मावशीने नावं पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे बाप. निम्म्याहून जास्त दूरच्या शहरात कामाला. तिथूनच वाचलं, अंगठा दाबला, मोकळे झाले.

"सर, अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे तुम्हीच पोरांना शिकवता ना? दाखवला त्यांनी."

"पालकांनाच कळवायचं असतं, मावशी."

"पाळतो तो पालक. ज्याच्या खिशात फोन असतो तो नव्हे. साहेब, तासभर बसा."

खुंटीवरची पितळी घंटा घेऊन ती निघाली. नळावर, वीटभट्टीवर, पिठाच्या गिरणीवर घंटा वाजली.

"मला कुठं बोलावलंय?" गिरणीतली आजी म्हणाली. "निरोप पोराच्या बापाला आला."

"बाप येतो का त्याला आंघोळ घालायला? चल मुकाट्यानं."

"अंगभर पीठ आहे गं."

"असू दे. सही करायचीय, सोयरीक नाही."

बारा वाजता खुर्च्या कमी पडल्या. बहुतेकींना सही येत नव्हती. शाईची डबी हातोहात फिरली, कागदावर निळे अंगठे उमटत गेले. साहेबांनी दोनदा मोजलं. सदुसष्ट. वर्ग राहिला.

दुपारी सभेची वही सहीसाठी मावशीपुढे आली. हेडमास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: फोनवरील संदेशास उत्तम प्रतिसाद.

मावशीने ओळ दोनदा वाचली. तिला सही चांगली येत होती. तिने डबीत अंगठा बुडवला आणि त्या ओळीवर टेकवून जोरानं दाबला.