विहिरीतल्या दोन टाक्या

कैनाडच्या भाईंना पाठीवर हवेच्या दोन टाक्या बांधून स्वतःच्याच विहिरीत उतरताना मी कितीदा तरी पाहिलंय. विहिरीला पाणी वीस फूट. तेवढ्यात एक टाकी सहज पुरते. आणि तळाशी बघण्यासारखं एक फुटकं मडकं नि दोन बेडूक, एवढंच होतं. तरी टाक्या दोनच. डहाणूच्या बाजारापासून तलासरीपर्यंत लोक त्यांना 'दोनटाकी भाई' म्हणत. मीही म्हणायचो.

चिकूच्या वाडीत आयुष्य गेलेला हा माणूस पन्नाशीनंतर मालवणला गेला, समुद्राखाली जाऊन आला आणि बिघडला. शेजारचा वाडीवाला म्हणून मलाही ओढून नेलं होतं. तिथल्या शिकवणाऱ्याने सांगितलं, "हौशी माणसाला एक टाकी बस. हवा संपलीच, तर जोडीदाराकडे जास्तीची नळी असते, ती तोंडात धरायची. जोडीदार हीच तुमची दुसरी टाकी." भाईंना हे इतकं पटलं की परतीच्या वाटेवर ते माझी ओळख 'ही माझी दुसरी टाकी' अशी करून देत होते. चहावाल्यालासुद्धा.

मग हे दोन टाक्यांचं खूळ कुठून आलं, ते पुढे सांगतो. "पाण्यात वजन कुठे असतं रे?" असं ते विचारत. पाण्यात नसतं, पण पाण्यापर्यंत असतंच. म्हणून पंप काढायच्या चेन-कप्पीने त्यांना खाली सोडावं लागे. हे काम वाडीतला जुना गडी, उधव्याचा लाखमा करी. पहिल्यांदा सोडताना तो म्हणाला, "भाय, पंप हलका व्हता." काठावरून वहिनी ओरडल्या, "अहो, विहिरीत जीव द्यायला लोकांना एक दगड पुरतो! तुम्हाला दोन टाक्या कशाला?"

"एक वापरायची, एक असायची," भाई म्हणाले आणि बुडाले.

पुढे हीच त्यांची म्हण झाली. लग्नाला जाताना चपलांचा दुसरा जोड पिशवीत असे. एक वापरायचा, एक असायचा.

आता खरं सांगतो. २०१६च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्या विहिरीत पहिल्यांदा उतरलो, तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर एकेकच टाकी होती. बेडकाच्या मागे लागून भाईंनी हवा संपवली. माझा दंड धरला आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. म्हणजे हवा नाही. माझी जास्तीची नळी छातीवर लटकत होती. नुसती पुढे करायची होती. मी त्यांचा हात झटकला आणि वर पळालो.

भाई मागून कसेबसे आले, पायरी धरून खोकत राहिले. वहिनी धावत आल्या. "काय झालं?"

मी म्हणालो, "एक टाकी कमी पडते यांना. दोन पाहिजेत."

भाईंनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर," ते म्हणाले. "दोन पाहिजेत."

पुढची तीन वर्षं तालुका त्यांना हसला. मी त्यांच्याबरोबर विहिरीत उतरत राहिलो, आणि वर आलो की सगळ्यांत मोठ्याने हसायचो.

२०१९मध्ये भाईंनी वाडी भाच्याकडे सोपवली आणि नवसारीला लेकीकडे निघाले. सामानाचा टेम्पो भरला होता, भाई नि वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी खिडकीशी गेलो. "भाई, त्या दिवशी तुमची खूण मला दिसली होती."

"माहीत आहे. काचेमागे तुझे डोळे बशीएवढे झाले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू घाबरट आहेस, हे तुझ्या बायकोला ठाऊक, मला ठाऊक. गावाचं काय काम?"

"पण माझ्यावरचा भरवसा गेला म्हणूनच ना दोन टाक्या?"

"अरे खुळ्या, वीस फुटांत मला दोन कशाला? घाबरलास की तू भसाभस हवा ओढतोस. दुसरी तुझ्यासाठी होती."

"आणि तीन वर्षं मी ती पुसत होते?" वहिनी म्हणाल्या. "आधी सांगायचं तरी!"

टेम्पो निघाला. भाईंना मागे वळून बघता आलं नाही. वजन वाहून मान आखडली होती, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातलं अर्धं वजन माझं होतं.