धाकटीच्या गाण्यातली ताई

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती एकवीस वर्षं काम करत होती. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. प्लास्टरवाला त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचा आणि ती त्या साच्यांवर गुलाबी मेण चढवून एकेक दात बसवायची. हात इतका हलका, की अवघड काम असलं की डॉक्टर मुद्दाम निरोप पाठवत, "हे ताईंकडेच द्या." घरी ती ताई होतीच, कामावरही सगळे ताईच म्हणत.

घरची ताई म्हणजे अकरा वर्षांनी लहान असलेल्या एकुलत्या एका बहिणीची. वडील लवकर गेले, आई कायम आजारी. धाकटीच्या वेण्या, डबे, शाळेतून येणाऱ्या तक्रारी, सगळं ताईनेच निस्तरलं. धाकटीचा गळा गोड. विसाव्या वर्षी ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि शिकण्यापेक्षा गाण्यातच जास्त रमली.

आई गेली तो दिवस ताईला मिनिटामिनिटाने आठवतो. सकाळी आठला हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून तिने फोन केला. "डॉक्टर म्हणतात, आजच निघ. मिळेल त्या बसने ये."

"आज गाण्याच्या स्पर्धेची शेवटची फेरी आहे गं ताई. उद्या पहाटे निघते ना."

"उद्याचं काही खरं नाही."

"तू नेहमीच असं घाबरवतेस."

अकराला ताईने पुन्हा फोन केला. तेच उत्तर. एकला केला, तो कोणी उचललाच नाही. चारला आई गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटी पोचली तेव्हा घर नातेवाइकांनी भरलं होतं. मामांनी तिला दारातच गाठलं. "काल कुठे होतीस? आई डोळे लावून बसली होती तुझ्या वाटेकडे." धाकटीचा चेहरा पांढराफटक. ताई पटकन पुढे झाली.

"मीच तिला कळवलं नाही मामा. एवढ्या लांबून एकटी, रडत कशी आली असती पोर?"

मग सगळ्या तोफा ताईकडे वळल्या. मामा तर वर्षभर तिच्याशी धड बोलले नाहीत. ताईने सगळं पोटात घातलं. त्या दिवशी स्वयंपाकघरात धाकटी तिच्या कमरेला घट्ट मिठी मारून नुसती उभी राहिली होती. त्या मिठीत सगळं आलं, असं ताई समजली. दोघींत त्यावर पुन्हा कधी शब्द निघाला नाही.

नऊ वर्षं गेली. धाकटी भाड्याच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, स्वतःच गाणी रेकॉर्ड करायची आणि इंटरनेटवर टाकायची. मागे कुठली कंपनी नाही, कोणी पाठीराखा नाही. ऐकणारे दोन-तीनशे, त्यांत एक ताई. मग एक गाणं आलं. गिटारचे मोजके सूर आणि धाकटीचा कुजबुजल्यासारखा आवाज: 'फोन तुझ्या हातात होता, ताई, तू मला कळवलं नाहीस.'

ताईने ते जेवणाच्या सुट्टीत ऐकलं. आपल्याच ऐकण्यात चूक झाली असेल, म्हणून पुन्हा लावलं. डबा तसाच झाकून ठेवला.

महिनाभराने परदेशातल्या कुणा नर्सने ड्यूटीवरून परतताना, बसस्टॉपवर उभ्या उभ्या, त्या ओळीवर व्हिडिओ केला. तिला भाषेचा गंधही नव्हता, पण आवाज ऐकून ती रडत होती. तिचं बघून दुसरीने केला, मग हजारोंनी. ज्यांची कुणाची शेवटची भेट राहून गेली होती, त्या सगळ्यांनी ते गाणं आपलं मानलं. बघता बघता ते दहा-बारा देशांत पहिल्या पाचांत जाऊन बसलं. परक्या मुलखातली भरगच्च मैदानं 'ताऽई, ताऽई' म्हणत डोलू लागली. एका मुलाखतीत कुणीतरी विचारलं, "बहिणीला माफ केलंत?" धाकटी जरा थांबून म्हणाली, "प्रयत्न करतेय."

कारखान्यात प्लास्टरवाला तेच गुणगुणत असायचा. "बहिणीने नाव काढलं हो ताई!" मग आवाज खाली आणून, "पण त्या गाण्यातली ताई म्हणजे... तुम्हीच का?"

"मीच."

"मग कळवायचं होतंत ना!"

त्या आठवड्यात एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिची कवळी दवाखान्यातून परत आली. समोरचे दोन दात तिरके बसले होते.

दौऱ्यातून सवड काढून धाकटी चार दिवस घरी आली, तेव्हा चहाचा कप पुढे ठेवत ताई म्हणाली, "मी तुला तीन फोन केले होते."

"मला तसं नाही आठवत."

"जिन्यातून. तू म्हणालीस, शेवटची फेरी आहे."

धाकटी कपाचा कान चाचपत राहिली. "तूच तर सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, कळवलं नाही म्हणून."

"मामांना म्हणाले होते. तुला नाही."

मग धाकटी म्हणाली, "हे बाहेर कुठे बोलू नकोस हं ताई. लोकांचा फार जीव आहे त्या गाण्यावर. आणि तुझं नाव कुठे घेतलंय मी?"

आठवत नाही म्हणणारीच बोलू नकोस म्हणत होती. म्हणजे आठवत होतं. ताईला वाटलं, विसरली असती तरी चाललं असतं.

ती बाहेर बोलली नाही. फक्त मामांकडे गेली. ते आता थकले होते, ऐकूही कमी येत होतं. तिने खुर्ची जवळ ओढून, मोठ्याने, सगळं सांगितलं. मामा तिच्याकडे बघत राहिले. "नऊ वर्षं गप्प होतीस. पोरीचं जगभर नाव झालं आणि आता तुला कंठ फुटला?"

"मी खोटं कशाला बोलेन मामा?"

"तेव्हा बोललीस, असं तूच आता सांगतेयस ना? मग?"

चपला घालून ती जिना उतरली. खालच्या पायरीवर तिला बसावं लागलं. आईसाठीही ती इतकी रडली नव्हती.

पुढे धाकटीचा कार्यक्रम याच शहरात झाला. तिने पहिल्या रांगेचे दोन पास पाठवले. ताईने ते प्लास्टरवाल्याला देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुजल्या डोळ्यांनी कामावर आला. "काय सांगू ताई, मी रडलो, बायको रडली, शेजारची अनोळखी बाई आमच्या गळ्यात पडून रडली!"

"बरं झालं गेलात," ताई म्हणाली, आणि दिवा पुढे ओढून मेण तापवायला घेतलं.