पाठीवरचा गोल

डिचोलीत वर्तमानपत्राच्या कामासाठी खोली घेऊन राहिले, त्याच्या दुसऱ्या वर्षी अंगावर पित्त उठू लागले. संध्याकाळी पाठीवर लाल गांधी येत, रात्रभर खाजत आणि दवाखाना उघडेपर्यंत नाहीशा होत. दाखवायला काही उरत नसे.

आधीच्या गोळीने खाज थांबली, पण बातमी वाचता वाचता टेबलावर डोके टेकू लागले. मग डॉक्टरांनी सुस्ती न आणणारी गोळी दिली. अंग स्वच्छ असले तरी ती रोज घ्यायची. शिवाय एका गांधीभोवती पेनने गोल काढायचा आणि दुसऱ्या दिवशी ती तिथेच आहे का, ते पाहायचे.

"घरातल्या कुणाला तरी सांगा."

मी एकटी राहते, असे सांगितले. "मग शेजारी," त्या म्हणाल्या.

शेजारी सिंधुदुर्गातून आलेली काकी होती. तिचा नवरा खाणीवर टिपर चालवायचा. तिने माझा ब्लाऊज वर सारून नीट गोल काढला आणि लगेच भिजवलेल्या सोलांचे, म्हणजे आमसुलांचे, आंबट, लाल पाणी पाठीवर चोळले. गोल पुसला गेला.

"काकी, तो उद्या बघायचा होता!"

"गोल ऱ्हांव दी. खाज गेली मा?"

तिच्या घरी पित्त दिसले की सोले लावतात. नुसते बघत बसायची पद्धत नाही. दुसऱ्या संध्याकाळी तिने पुन्हा गोल काढला, पुन्हा पुसला. नंतर मी पेन देणेच सोडले. ती मात्र दिवेलागणीला वाटी घेऊन येत राहिली. पाठ चोळताना नवऱ्याला, पाण्याच्या नळाला आणि मला शिव्या देई. आईनंतर माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता.

डॉक्टरांना मी गोलाचे काही सांगू शकले नाही. त्यांनी गोळीची मात्रा वाढवली. हळूहळू गांधी उठायच्या थांबल्या.

एका संध्याकाळी काकी वाटी घेऊन दारात आली तेव्हा मी गोळी घेत होते.

"उठलां?"

हो म्हणावेसे वाटले, पण दाखवायला अंगावर काही नव्हते. "नाही."

"बरां झालां. मगे ह्या पाण्याचां काय करू?"

"मीठ घालून तिवळ कर, पिऊन टाक. बस ना थोडा वेळ."

"बसान काय करू? हे येतले आता." ती वाटी घेऊन परतली.

त्यानंतर तिची हाक कुंपणापलीकडून येई. "बरी मा गो बाय?"

"बरी," मी आतूनच सांगत असे.