तानाबाईंच्या गेलेल्या बोटांची गोष्ट

सांगोल्याजवळच्या माळावर तानाबाई आणि त्यांचा नवरा धुळा शेळ्या राखून राहतात. कडबाकुट्टीच्या यंत्रात तानाबाईंचा उजवा हात मनगटापासून गेला. दवाखान्यातून आल्या आणि दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं चूल पेटवली. रडल्या असतील, पण कुणाच्या देखत नाही.

अडलं ते धारा काढताना. डाव्या हाताला लय सापडेना, आणि धुळाच्या राकट हाताला शेळ्या पान्हा सोडेनात. अपंगांसाठीच्या शिबिरात मूठ मिटणारा एक कृत्रिम हात मिळाला होता, पण मूठ किती आवळली ते त्यांना कळायचंच नाही. शेळीचा सड चिमटला, तिनं लाथ झाडली. तानाबाईंनी तो हात खुंटीला अडकवला.

मग कळलं, की सोलापुरात ऋतुजा नावाची एक इंजिनिअर स्पर्श कळणारा हात बनवतेय आणि तो वापरून बघायला तिला माणसं हवीत. तानाबाई एसटीनं गेल्या.

या हाताच्या बोटांवर रबरी कातडी होती आणि तिच्याखाली दाब ओळखणारे बारीक सेन्सर. आपल्या नसा मेंदूला ठोक्याठोक्यांनी निरोप धाडतात, तसंच हातातली चिप करायची. हलका दाब असला की दंडावरच्या पट्टीत सावकाश ठोके, जोराचा असला की भरभर. सुरुवातीला तानाबाईंना नुसत्या मुंग्या आल्यागत वाटायचं. टोमॅटो फुटले, अंडी फुटली. तरी त्या दर आठवड्याला जात राहिल्या.

एके दुपारी डोळे मिटून अंडं धरलेलं असताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ऋतुजानं विचारलं, दुखतंय का.

"न्हाय बाय," त्या हळूच म्हणाल्या. "दंडावर न्हाय, बोटात कळतंय. माज्या गेलेल्या बोटात."

ऋतुजानं ते शब्दाशब्दानं वहीत लिहून घेतलं.

पुढं ती हात घेऊन माळावर आली. रबराच्या पहिल्या गार स्पर्शालाच शेळी बिचकली. तानाबाईंनी रबरी बोटं पदरात गुंडाळून काखेत उबवली आणि पुन्हा बसल्या. ठोके वाढले की मूठ सैल करायच्या. थोड्या वेळानं धार भांड्यात वाजू लागली. शेळीला धरून उभा असलेला धुळा माळाकडं बघत राहिला. पुढं कितीतरी दिवस तो येईल त्याला ती धार वाजल्याचं सांगायचा.

कसं वाटलं, असं ऋतुजानं विचारल्यावर तानाबाईंनी खरं तेच सांगितलं. दाब कळतो, ऊब कळत नाही. आता ऋतुजा ऊब ओळखणारी बोटं करायच्या मागं आहे.

हात अजून प्रयोगातला, म्हणून तो दुरुस्तीला परत द्यावा लागतो. तेवढे दिवस तानाबाई कुरकुर न करता डाव्या हातानं जमेल तसं भागवतात. गेल्या खेपेला प्रयोगशाळेत श्रीपूरच्या कारखान्यातले सयाजी आले होते. त्यांचाही हात गेलेला. दोन टोमॅटो फुटल्यावर ते उठून निघाले. तानाबाईंनी त्यांच्यापुढं तिसरा ठेवला.

"बसा की दादा. मलाबी आदी काय कळत नव्हतं. डोळं मिटा."

सयाजी बसले.